उसाच्या पानापासून सुरुवात: माइनक्राफ्ट विकीवर संपादन करताना नऊ महिने

जानेवारीत भाचा सुट्टीला आमच्याकडे कऱ्हाडला आला होता. मोबाइलवर माइनक्राफ्ट, म्हणजे ठोकळ्यांचं जग रचायचा खेळ, खेळता खेळता म्हणाला, "मावशी, ऊस वाळूवर लाव. वाळूवर लवकर येतो." मी म्हटलं, असं काही नसतं. अण्णा शेजारी बसून ऐकत होते. त्यांचं सगळं आयुष्य उसात गेलं. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही दोघांनी बघितलंय, का नुसतं ऐकलंय?"

आम्ही दोघांनीही नुसतं ऐकलेलं होतं. मग माइनक्राफ्ट विकीवरचं, म्हणजे या खेळाच्या कुणालाही लिहिता येणाऱ्या ज्ञानकोशातलं, उसाचं पान उघडलं. तिथं स्पष्ट लिहिलं होतं की खालचा ब्लॉक, म्हणजे ठोकळा, वाळूचा असो वा मातीचा, वाढीचा वेग तोच. वाद मिटला, पण मी पान बंद केलं नाही. वर 'संपादन'चं बटण होतं. इतकी वर्षं मी ही पानं वाचत आले, पण हे आपल्यालाही लिहिता येतं हे कधी मनात आलं नव्हतं. त्याच रात्री खातं काढलं. त्याला आता नऊ महिने झाले. कुणाला यात पडायचं असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी थोडी ओळख. हा विकी २००९ सालचा, म्हणजे खेळ लोकांसमोर आला त्याच वर्षीचा. तो खेळणाऱ्यांनीच लिहिला आणि आजही तेच लिहितात. सप्टेंबर २०२३ मध्ये इथल्या संपादकांनी जुनं होस्टिंग सोडलं आणि सगळा मजकूर घेऊन स्वतंत्र पत्त्यावर आले. नवं घर 'विअर्ड ग्लूप'नं दिलं. ही रूनस्केप या खेळाच्या विकीतल्या माणसांची संस्था, आणि त्यांनी आपला विकी २०१८ मध्ये असाच बाहेर काढला होता. मजकूर मुक्त परवान्याखाली असल्यामुळे तो सोबत नेता आला, आणि त्याच कारणानं जुनी प्रत जुन्या जागी तशीच राहिली. शोधताना अजून ती पुढे येते, त्यामुळे आपण कुठल्या पानावर आहोत हे पत्त्यावरून बघून घ्यावं.

सॉफ्टवेअर मीडियाविकी, म्हणजे विकिपीडियाचंच. मराठी विकिपीडियावर थोडंफार काम केलेल्या माणसाला इथं परकं वाटणार नाही. साचे, वर्ग, चर्चा पान, इतिहास सगळं ओळखीचं. सरावाच्या पानाला मराठी विकिपीडियावर 'धूळपाटी' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो, आणि इथल्या माझ्या सरावाच्या पानालाही मी मनात तेच म्हणते. लिहायचं, पुसायचं, परत लिहायचं.

पहिले पंधरा दिवस मी फक्त शुद्धलेखन आणि तुटलेले दुवे दुरुस्त केले. मग धीर आला आणि उसाच्या शेताची कृती सांगणाऱ्या एका पानावर मी एक वाक्य घातलं: ऊस एक ब्लॉक वाढायला सरासरी १८ मिनिटं लागतात. तासाभरात ते कुणीतरी उलटवलं. सारांशात कारण होतं: हा आकडा जावा एडिशनचा आहे, बेडरॉकसाठी तपासलेला नाही. (जावा आणि बेडरॉक हे याच खेळाचे दोन प्रकार: जावा संगणकावरचा, बेडरॉक मोबाइलवरही चालणारा.)

त्या क्षणी वाईट वाटलं. आकडा मी मनानं घातला नव्हता, विकीवरच्याच दुसऱ्या पानावरून घेतला होता. पण हिशेब मांडायला बसले तेव्हा उलटवणाऱ्याचं बरोबर असल्याचं कळलं. जावामध्ये जगाच्या १६ × १६ × १६ च्या तुकड्यात ४०९६ ब्लॉक असतात आणि दर टिकला, म्हणजे खेळाच्या घड्याळाच्या दर ठोक्याला, त्यातले ३ यादृच्छिक निवडले जातात. सेकंदाला २० टिक. म्हणजे एका ठरावीक ब्लॉकची पाळी सरासरी ६८ सेकंदांनी येते. उसाला वाढायला अशा १६ पाळ्या लागतात, म्हणून १८ मिनिटं. पण 'दर टिकला ३' ही जावाची मूळ सेटिंग आहे, बेडरॉकमध्ये तिथं १ असतो. एका एडिशनचा आकडा दुसरीला चिकटवता येत नाही. आणि माझ्या भाच्यासारखी मोबाइलवर खेळणारी सगळी मुलं बेडरॉकवरच असतात. त्यांनी माझं वाक्य वाचून शेताजवळ घड्याळ लावलं असतं.

माझ्या दृष्टीनं या विकीची सर्वांत मोठी ताकद हीच: कुठली गोष्ट कुठल्या एडिशनची, ही खूण. बेडरॉकमध्ये उसाला बोनमील (खेळातलं हाडांचं खत) टाकलं की तो लगेच पूर्ण वाढतो, जावामध्ये काही होत नाही. बेडरॉकमध्ये कढईत औषधी काढा भरून ठेवता येतो आणि पाण्याला रंग देता येतो, जावामध्ये नाही. बेडरॉकमध्ये पिस्टन, म्हणजे समोरचा ठोकळा ढकलणारा ब्लॉक, भरलेली पेटी ढकलतो, जावामध्ये ती जागची हलत नाही. रेडस्टोनमध्ये, म्हणजे खेळातल्या विजेच्या यंत्रणेत, तर जावाची एक वेगळीच खोड आहे: पिस्टनच्या वरच्या मोकळ्या जागेला वीज मिळाली तरी पिस्टन चालतो. जावासाठी रचलेली यंत्रं या खोडीवर उभी असतात. मुलं व्हिडिओ बघून तेच यंत्र मोबाइलवर बांधतात, ते चालत नाही, आणि त्यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. भाचा एकदा अशाच यंत्रापुढे रडवेला होऊन बसला होता. त्या रात्री मी संबंधित पानावर 'फक्त जावा' ही खूण लावणारा साचा घातला. एवढीशी खूण, पण माझ्या नऊ महिन्यांतलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं संपादन तेच.

वाळू-मातीचं कोडं मात्र डोक्यातून जात नव्हतं. विकीवर लिहिलेलं मी स्वतः पाहिलं नव्हतं. म्हणून आमच्या बेडरॉकच्या जगात शेजारी शेजारी दोन वाफे केले, साठ ऊस वाळूवर, साठ मातीवर, दोन्हींना पाणी लागून. लांब गेलं की वाढ थांबते, म्हणून शेताजवळच उभं राहायचं. असं तीन संध्याकाळ केलं. पहिल्या दिवशी वाळू पुढे, दुसऱ्या दिवशी माती, तिसऱ्या दिवशी दोन्ही जवळजवळ सारखे. भाच्यानं स्वतः मोजलं आणि स्वतःच कबूल केलं. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "असं मोजून सांगितलंस की पटतं." पानावर मात्र मी काही घातलं नाही. घालण्यासारखं नवीन काही नव्हतंच, ते आधीच बरोबर होतं.

एकदा मी उसाच्या पानावर 'रंजक माहिती'मध्ये ओळ घातली की खऱ्या शेतात आडसाली ऊस तयार व्हायला १६ ते १८ महिने लागतात. ती काढली गेली, कारण तो भाग खेळाबद्दलच्याच गोष्टींसाठी आहे. ओळ माझ्या जिव्हाळ्याची होती तरी नियम मला मान्य आहे. शिस्त सैल झाली तर अशी पानं भरकटायला वेळ लागत नाही.

आता त्रासाबद्दल. मोबाइलवरून संपादन खरोखर कष्टाचं आहे. तक्ते उभ्या रेघा आणि कंसांनी लिहायचे असतात. एक रेघ सुटली की सगळा तक्ता विस्कटतो, आणि मोबाइलच्या कीबोर्डवर ती रेघ शोधण्यातच निम्मा वेळ जातो. इतिहासाचा तक्ता, म्हणजे कोणत्या आवृत्तीत काय बदललं तो, सर्वांत किचकट. ते काम मी लॅपटॉपशिवाय करत नाही. भाषेचे नियमही शिकावे लागतात: वाचकाला 'तुम्ही' म्हणायचं नाही, 'खेळाडू' म्हणायचं. आपली इंग्रजी शाळेतली असेल तर वाक्यं छोटी ठेवावीत. कुणी ना कुणी ती सुधारतं, आणि त्या सुधारणा वाचून माझी इंग्रजी चांगली झाली.

कृतींची पानं हा कच्चा दुवा. वस्तू आणि प्राण्यांची पानं तपासलेली, नेटकी असतात. 'अमुक शेत कसं बांधावं' या पानांवर मात्र जुन्या आवृत्तीतली, आता न चालणारी यंत्रं दिसतात. ती बांधून बघून काढायची तर एका यंत्राला एक संध्याकाळ जाते, आणि तेवढा वेळ देणारी माणसं थोडी. नवीन येणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. बेडरॉकवाल्यांनी तर नक्कीच.

अपडेट येतं तो दिवस वेगळाच असतो. आता वर्षाला एक मोठं अपडेट न येता अनेक छोटी येतात. १७ जून २०२५ ला 'चेस द स्काइज' आलं. प्राण्यांची, वस्तूंची, आवृत्तीची पानं एकाच वेळी कितीतरी लोक उघडून बसले होते. मी चार ओळी लिहून जतन करायला गेले तर मधल्या वेळात दुसऱ्यानं तेच पान बदललेलं. दोन वेळा असं झाल्यावर मी गर्दीची पानं सोडली आणि कुणी बघत नसलेली कडेची पानं धरली, जिथं 'आगामी' असं लिहिलेलं अजून तसंच होतं. ३० सप्टेंबरला 'द कॉपर एज' आलं तेव्हाही तेच केलं. कामाचा ढीग उपसला गेला आणि कुणाशी टक्करही झाली नाही.

माणसांबद्दल सांगायचं तर चर्चा पानावर आणि विकीच्या डिस्कॉर्डवर (गप्पांच्या गटावर) विचारलं की उत्तर मिळतं, सहसा कोरडं पण नेमकं. शाबासकी क्वचितच मिळते. लेखावर कुणाचं नाव नसतं, फक्त इतिहासात दिसतं. हे खटकणाऱ्यानं येऊ नये. मला खटकत नाही, कारण इतिहास उघडला की पंधरा वर्षांत शेकडो हातांनी एक पान कसं घडलं ते दिसतं आणि त्यात आपलीही एक ओळ असते.

सध्या माझ्या धूळपाटीवर कढईच्या पानातल्या बेडरॉकच्या नोंदी आहेत. रंगांचं मिश्रण तपासून झालंय, काढ्यांच्या तीन ओळी राहिल्यात. भाचा शनिवारी येतोय, त्याच्या मोबाइलवर त्या बघून घेऊ.