गच्चीवरचं अ‍ॅक्वापोनिक्स: ९ महिने वापरल्यावर

गेल्या ऑक्टोबरात कोल्हापुरात आमच्या गच्चीवर ५०० लिटरचा तयार संच बसवला. खाली टाकीत कोई मासे, वर खडीचे दोन वाफे. पंप टाकीतलं पाणी वाफ्यांत फिरवतो आणि माशांच्या मळावर भाजी वाढते, यालाच अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात. आता जुलै संपत आलाय. पालक आणि पुदिना घरी पुरून उरतो, पंप एकदाही बंद पडला नाही. तरी घेणाऱ्यांना मी आधी पाण्याबद्दलच सांगेन, कारण माहितीपत्रकात त्यावर एक ओळही नव्हती.

विक्रेता म्हणाला, आठव्या दिवशी मासे सोडा. सोडले, आणि बाराव्या दिवशी ६ मेले. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू खडीवर बसायला ३ ते ६ आठवडे लागतात, हे मला त्यानंतर कळलं. शिवाय नळाचं पाणी मी थेट भरलं होतं. क्लोरीन या जिवाणूंना मारतं. आता पाणी उघड्या बॅरलमध्ये हवा सोडून दिवसभर ठेवतो, मगच टाकीत घेतो.

डिसेंबरात पहाटे पाणी १७ अंशांवर यायचं, जिवाणू मंदावायचे. खाद्य निम्मं केलं, भागलं.

खरी परीक्षा मृगाच्या पावसात झाली. जिवाणू काम करताना पाण्यातला बायकार्बोनेट खर्च करतात, म्हणजे सामू (पीएच; हा आकडा उतरला की पाणी आम्ल होतं) सावरून धरणारा क्षार: १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण ७ ग्रॅम चुनखडीएवढा. पावसाच्या पाण्यात तो जवळजवळ नसतोच, आणि आमची टाकी उघडी. आठवड्यात सामू ७ वरून ६ वर आला. पाणी नितळ, मासे मजेत, पण पाणी तपासायच्या थेंबांच्या किटवर अमोनिया २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम)! सामू ६ च्या आसपास गेला की जिवाणूंचं काम जवळपास थांबतं.

मी चुन्याची निवळी ओतायलाच निघालो होतो. मासे पाळणाऱ्या शेजारच्या काकांनी अडवलं. "एकदम टाकलास तर मासे हातातनं जातील बघ." त्यांचं बरोबर होतं. सामू कमी असताना तो अमोनिया बहुतेक अमोनियमच्या रूपात असतो, माशांना फारसा बाधत नाही. सामू झपाट्याने चढला की तोच विषारी होतो. मग खाद्य बंद केलं, थोडं थोडं पाणी बदललं, शिंपल्यांचा चुरा कापडी पिशवीत घालून पाणी पडतं तिथे बांधला आणि वर पत्रा टाकला. १० दिवसांनी सामू ६.८, अमोनिया शून्य.

किट संचाबरोबर येत नाही, वेगळं घ्याच. वाफ्यात आपल्याकडची काळी खडी चालते, व्हिनेगर टाकून फेस येत नाही ना एवढं बघा. वरचा दोन बोटांचा थर कोरडा ठेवा, ऊन जिवाणूंना सोसत नाही. लाइट गेली तर हवेचा पंप इन्व्हर्टरवर हवा.

कोल्हापुरात कुणी नवा संच बसवत असेल, तर माझ्या चालू वाफ्यातली बादलीभर खडी घेऊन जा. तिच्यावर जिवाणू आधीच बसलेत, तुमचे आठवडे वाचतील. फक्त ओली न्या, आणि त्याच दिवशी वाफ्यात घाला.