अँगोस्टुरा बिटर्स: आठ महिने झाले, अर्धी बाटली अजून शिल्लक

मागच्या दिवाळीत मित्राने दुबईहून येताना अँगोस्टुरा बिटर्सची, म्हणजे कॉकटेलमध्ये थेंबाथेंबाने घालायच्या कडू, मसालेदार वासाच्या अर्काची, २०० मिलीची बाटली आणून दिली. पिवळं झाकण, आणि कागदी लेबल बाटलीपेक्षा मोठं, पार मानेवर चढलेलं, मला वाटलं छपाईत घोळ झालाय पण नाही, ते असंच असतं.

पहिल्याच दिवशी आईला वास दिला तर म्हणाली, "अरे, हे काडेचिराईत आहे!" हसलो तेव्हा. नंतर कळलं यातला कडूपणा जेन्शन नावाच्या मुळाचा आणि आपलं काडेचिराईत, म्हणजे किराईत, त्याच कुळातलं, म्हणजे आईचं नाक बरोबर होतं. मुळात हे औषधच, १८२४ मध्ये सीगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावात पोटासाठी बनवलेलं. पुढे १८७५ मध्ये सगळा कारभार त्रिनिदादला गेला, अजून तिथेच बनतं. अँगोस्टुरा नावाच्या झाडाची साल मात्र यात नाही, नाव फक्त गावाचं.

आता वापर. ओल्ड फॅशन्ड नावाचं व्हिस्कीचं कॉकटेल पहिल्यांदा केलं तेव्हा सरबतात सिरप ओततात तसं ओतलं, ग्लास सरळ सिंकमध्ये. हे हिंगासारखं वापरायचं, एवढं डोक्यात बसायला मला महिना लागला. साखरेचा एक क्यूब, त्यावर दोन-तीन डॅश (बाटली एकदा झटकली की पडतं तेवढा एक डॅश), चमचाभर पाणी, विरघळलं की ६० मिली व्हिस्की, मोठा बर्फ, संत्र्याची साल पिळून. बिटर्स न घालता तेच करून बघा, नुसती गोड व्हिस्की लागते. एक गोष्ट, बाटली रिकामी होत जाते तसा एक डॅश मोठा पडायला लागतो, सुरुवातीचं माप आता चालत नाही, मी सरळ ड्रॉपर घेतला.

नाशिकमध्ये राहून वाईन सोडून कसं चालेल, म्हणून थंड स्पार्कलिंग वाईनमध्ये बिटर्सने भिजवलेला साखरेचा क्यूब टाकला. बुडबुडे बराच वेळ येत राहतात आणि साध्या बाटलीलाही चव येते, पाहुणे आले की आता हेच.

पण खरं सांगू का, सगळ्यात जास्त संपली ती लिंबू सोड्यात. ऑस्ट्रेलियात हे पबमध्ये सर्रास मिळतं. लिंबू, साखर, सोडा, वरून चार-पाच डॅश, गुलाबी-तपकिरी रंग येतो. मेमधल्या उन्हात गंगापूर रोडवरून घरी आल्यावर याच्यासारखं काही नाही.

स्वयंपाकात निम्मे प्रयोग फसले. मटणाच्या रश्श्यात काळ्या मसाल्यापुढे त्याचा पत्ताच लागला नाही, फुकट गेलं. आमरसात तर घालूच नका, हापूसचा वास मरतो, बायको दोन दिवस बोलली नाही. गाजर हलव्यात मात्र जमलं, लवंग-दालचिनीसारखा वास त्यात आहेच, फक्त गॅस बंद केल्यावर घालायचं नाहीतर उडून जातो. काळी द्राक्षं साखर घालून आटवली, गार झाल्यावर दहा-बारा थेंब, व्हॅनिला आइस्क्रीमवर ओतली, सीझनभर हेच चाललं होतं.

आता महत्त्वाचं. यात ४४.७ टक्के अल्कोहोल आहे, म्हणजे व्हिस्कीएवढंच. ग्लासात थेंबभर जातं हे खरं, पण आमचे काका माळकरी, एकदा लिंबू सोड्याचा ग्लास त्यांच्या हातात गेला होता, ओठाला लावणार तेवढ्यात मी ओरडलो. तेव्हापासून आधी सांगतो आणि मगच देतो. आई आजही घेत नाही, म्हणते किराईताचा काढा फुकट करून देते की.

फ्रीजची गरज नाही, खराब होत नाही. पांढऱ्या ओट्यावर सांडलं तर लगेच पुसा, डाग बसतो. आणि एकटेच पिणार असाल तर लहान बाटली घ्या, माझी ही पुढच्या दिवाळीलाही संपायची नाही.