स्कूटर चोरणाऱ्या पोराला जेल, प्रोबेशन की राजीनामा?

मागच्या महिन्यात ग्वाल्हेरच्या जनकगंजातल्या एका ओळखीच्या घरासमोरून स्कूटर गेली. चार दिवसांनी स्कूटर सापडली आणि चोरणाराही सापडला. वीस वर्षांचा पोरगा, पहिल्यांदाच पकडला गेलेला. घरात लगेच दोन तट पडले. मुलगा म्हणतो, सडू दे आत. आई म्हणते, त्याची आई दारात येऊन बसते, तिचं तोंड बघवत नाही. दोघंही माझ्याकडे आले, कारण तीन वर्षांपूर्वी आम्ही नेमके याच जागी उभे होतो. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

आधी कायद्यात काय शक्य आहे ते पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. रस्त्यावरून घरची स्कूटर गेली तर सहसा साधी चोरी, कलम ३०३. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. घराच्या आतून काही गेलं तर कलम ३०५, सात वर्षांपर्यंत. हा फरक फार मोठा आहे. ३०३ मध्ये मालाचा मालक समझोता करून खटला मिटवू शकतो. ३०५ मध्ये तशी सोय नाही, हायकोर्टाचा दरवाजा ठोठवावा लागतो. म्हणून फिर्याद देताना गाडी कुठे उभी होती ते नेमकं लिहा, रागाच्या भरात काही वाढवू नका. माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि माल परत मिळाला असेल, तर नव्या कायद्यात शिक्षाच मुळी समाजसेवेची आहे. पोरगा अठराच्या आतला असेल तर हा सगळा विचार बाजूला ठेवा, प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं.

ग्वाल्हेरच्या कोर्टात या समझोत्याला ‘राजीनामा’ म्हणतात. आम्ही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, नोकरी कोणी सोडली?

म्हणजे वाटा तीन: जेल, प्रोबेशन (गुन्हा शाबित झाला तरी जेलऐवजी हमीवर सुटका), राजीनामा. प्रत्येक वाटेवर तुमच्या हाती काय लागतं ते बघा.

जेलने पोरगा काही काळ नजरेआड होतो. ही गोष्ट लहान नाही. ज्याला रात्री खिडकीपाशी आवाज झाला की दचकायला होतं, त्याला तेवढं हवंच असतं. पण तो आत जातो तो बहुधा शिक्षा भोगायला नव्हे, खटल्याची वाट बघायला. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या जेलांची क्षमता ४ लाख ३६ हजार होती आणि आत ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यांतले शंभरात पंचाहत्तरांहून जास्त कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून शाबित न झालेले. पहिल्यांदा अडकलेल्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर जामिनावर सोडावं, असं नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं. तीन वर्षांच्या गुन्ह्यात हे झालं एक वर्ष. वीस वर्षांच्या पोराने बहोडापूरच्या सेंट्रल जेलात ते वर्ष कोणाच्या संगतीत काढायचं, हा प्रश्न तुमचाही आहे, कारण सुटल्यावर तो याच शहरात राहणार आहे. अमेरिकेतल्या तीस राज्यांत २००५ साली सुटलेल्या कैद्यांचा पुढे माग ठेवला, तर तीन वर्षांत ६८ टक्के आणि नऊ वर्षांत ८३ टक्के पुन्हा पकडले गेले होते. तिथलं जेल वेगळं आणि इथलं वेगळं, हे मान्य. पण आत राहून माणूस सुधारून येतो ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

आणि तुमची गाडी? ती मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात उभी राहते. कोर्टातून सुपुर्दगीचा, म्हणजे गाडी ताब्यात देण्याचा, हुकूम आणेपर्यंत ऊन-पाऊस खाते. हुकूम तातडीने मागा, आम्ही मागितला नव्हता. पुढे साक्षीसाठी पेशी, म्हणजे कोर्टाची तारीख, मग पुढची पेशी. नुकसानभरपाई देण्याचा अधिकार कोर्टाला आहे, पण आत बसलेला पोरगा ती आणणार कुठून?

आता आमचं सांगते. तेव्हा चोरीचं जुनं कलम ३७९ होतं. पोरगा एकोणीस दिवस आत राहून जामिनावर सुटला. त्याची आई मध्यस्थ घेऊन आली आणि गल्लीतल्या दत्ताच्या देवळाच्या ओसरीवर आम्ही बसलो. आम्ही तिघं, ते दोघं, आणि दोन्ही घरं ज्यांना मानतात असे एक निवृत्त गुरुजी. माझ्या यजमानांनी दुरुस्तीचं बिल आणलं होतं, ९,६०० रुपये. सासूबाईंनी बिलाकडे पाहिलंही नाही. त्यांनी एकच विचारलं, डिकीत चष्म्याचं घर होतं, ते कुठे टाकलंस? माझ्या सासऱ्यांचं ते घर. ते गेल्यापासून सासूबाई ते जवळ बाळगत. पोरगा खाली मान घालून म्हणाला, “फेंका नहीं दादी, पीपल के नीचे रख दिया था.” दुसऱ्या दिवशी तो स्वतः जाऊन शोधून घेऊन आला. घर सापडलं, चष्मा नव्हता. कोर्टात हा प्रश्न कोणी विचारला नसता आणि त्याचं उत्तर कोणी दिलं नसतं.

दरमहा आठशे ठरले. चौथ्या महिन्यात तो आलाच नाही. त्याची आई तीनशे घेऊन आली आणि रडली. बारा महिन्यांचा हिशेब सोळा महिन्यांत पुरा झाला, तेव्हाच आम्ही कोर्टात राजीनामा दिला. हा क्रम महत्त्वाचा आहे. राजीनाम्याचा परिणाम निर्दोष सुटकेइतकाच होतो, नंतर पैसे बुडाले तर तो खटला पुन्हा उघडत नाही. त्यानंतर त्याने कधीच काही केलं नाही असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. महाराज बाड्याच्या चौकात दिसला तर थांबतो, सासूबाईंची विचारपूस करतो, एवढं खरं.

हे आम्ही काही नवं शोधून काढलं नव्हतं. १९७४ मध्ये कॅनडातल्या एल्मायरा गावी दोन तरुणांनी दारू पिऊन बावीस ठिकाणी मालमत्तेची नासधूस केली. प्रोबेशन अधिकारी मार्क यांत्झी यांनी न्यायाधीशांची परवानगी काढली आणि दोघांना दारोदार नेऊन नुकसान झालेल्यांसमोर उभं केलं. भरपाई झाली. नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ नील्स क्रिस्टी म्हणत, की तंटा हा माणसांच्या मालकीचा असतो, सरकार आणि वकील तो त्यांच्या हातून काढून घेतात. अमेरिकेतल्या कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस यांच्यासारखे जेल मुळातच नको म्हणणारे लोक याच्या पुढे जातात. उद्या सकाळी फाटक उघडा, असं ते म्हणत नाहीत. शाळा, काम, उपचार, घर आणि भांडण मिटवायची जागा इतकी उभी करा की जेलची गरज घटत जाईल, असं त्यांचं म्हणणं. फिनलंडने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कैदी खूप कमी केले आणि तिथली गुन्हेगारी शेजारच्या देशांपेक्षा वेगळ्या वाटेने गेली नाही.

आपल्याकडे तर याचा जुना धडा आहे. मे १९६० मध्ये विनोबांपुढे भिंड-मुरैनाच्या बीहडातल्या, म्हणजे चंबळच्या दऱ्याखोऱ्यांतल्या, वीस बागींनी (डाकूंनी) हत्यारं ठेवली. १९७२ मध्ये जौऱ्याला जयप्रकाशांपुढे शेकडोंनी ठेवली. जेल तेव्हाही झाली, पण फाशी नाही. पुढे मुंगावलीचं खुलं शिबिर, म्हणजे खुला तुरुंग, झालं. बंदुकीने जे वर्षानुवर्षं जमलं नव्हतं, ते बोलण्याने आणि पुढच्या आयुष्याची सोय लावल्याने बरंच जमलं. इंदूरलाही आता देवी अहिल्याबाईंच्या नावाची खुली वसाहत आहे, कैदी कुटुंबासह राहतात, दिवसा बाहेर कामाला जातात.

मात्र समाजानेच न्याय करायचा म्हटलं की मला जातपंचायत आठवते, आणि तिथे मी थांबते. दंड, वाळीत टाकणं, बाईची अब्रू चव्हाट्यावर आणणं, हेही समाजच करत आला आहे. महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो उगाच नाही. गल्लीने पोराला खांबाला बांधून मारलं तर तो पर्याय नव्हे, दुसरा गुन्हा. पोरगा पारधी किंवा कंजर वस्तीतला असेल तर संशयाचं वजन दुप्पट होतं, हे ध्यानात ठेवा. २०२० मध्ये मध्य प्रदेश हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाने विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना पीडितेकडून राखी बांधून घ्यायची अट घातली होती. मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. बाईवर हात टाकणारा, लहान मुलाला त्रास देणारा, घरात बायकोला मारणारा, यांच्याबाबत समोरासमोर बसून मिटवा असं मी कधीच म्हणणार नाही. जिथे एकाला दुसऱ्याची भीती आहे तिथे बरोबरीची बैठक होतच नाही. तिथे आधी संरक्षण हवं, आणि आज ते देणारी दुसरी व्यवस्था नसेल तर कोठडीसुद्धा.

राहिली मधली वाट, आणि तिची कोणी चौकशीच करत नाही याचं मला वाईट वाटतं. १९५८ चा प्रोबेशन कायदा. गुन्हा शाबित होतो, पण कोर्ट जेलऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडतं, तीन वर्षांपर्यंत, हवं तर अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. भरपाईही देववतं. हमी मोडली तर शिक्षा आहेच. एकवीसच्या आतल्याला जेल द्यायची झाली तर का, हे न्यायाधीशांना कारणांसह नोंदवावं लागतं. शिवाय दोषी ठरल्याने कायद्याने येणारी अपात्रता यात लागत नाही. ज्यांना पोराचा भरवसा वाटत नाही, पण त्याचं आयुष्यही मातीत घालायचं नाही, त्यांनी वकिलाला हेच विचारावं.

राजीनाम्याकडे कल असेल तर अटी कागदावर लिहा. झालेल्या नुकसानापेक्षा एक रुपया जास्त मागू नका. घरात फुकट राबवून घेऊ नका, ती वेठबिगारी होते. दोन्ही बाजूंना नको म्हणायची मोकळीक हवी. आणि बैठकीत पोराच्या आईला बोलू द्या. आमच्याकडे सगळ्यात कठोर शब्द तिचेच होते.

जनकगंजच्या त्या मुलाला मी एवढंच म्हटलं, की निकाल लागेपर्यंत राजीनामा केव्हाही देता येतो, त्यामुळे आज काही ठरवायची घाई नाही. पेशी पुढच्या महिन्यात आहे. तोवर एकदा त्या पोराला भेट, आणि डिकीत काय काय होतं ते आईला विचारून जा.