विंडोजची अंगभूत फायरवॉल: घरासाठी वेगळी विकत घेण्याची गरज आहे का?

विंडोज डिफेंडर फायरवॉल, म्हणजे संगणकाची नेटवर्कवरची ये-जा तपासून नको ती अडवणारी विंडोजमधलीच व्यवस्था, फुकट मिळते, म्हणून ती कामचलाऊ असणार, हा समज अजून गेलेला नाही. त्याला जुने कारणही आहे. 2001 च्या विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण ती बंद ठेवलेली असे. ऑगस्ट 2003 मध्ये ब्लास्टर वर्मने (नेटवर्कवरून आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने) जगभर धुमाकूळ घातला आणि पुढच्या वर्षी सर्व्हिस पॅक 2 हे एक्सपीचे मोठे अपडेट आले, तेव्हा कुठे ती आपोआप चालू राहू लागली. आजची फायरवॉल बाहेरून येणारी, आपण न मागितलेली जोडणी नियम नसेल तर अडवते आणि आतून जाणारीला वाट देते. राउटरच्या मागे बसलेल्या घरगुती संगणकाला माझ्या मते एवढे पुरते.

खरा त्रास सुरू होतो तो तिच्या जोडीला दुसरी आणल्यावर. आमच्या घरातल्या लॅपटॉपवर अँटिव्हायरससोबत आलेली एक सशुल्क फायरवॉल होती. एके दिवशी वायफाय जोडलेले दिसत असूनही त्यावर एकही पान उघडेना, मात्र त्याच वायफायवर मोबाइल आणि टीव्ही व्यवस्थित चालत होते. फायबरच्या डब्यावरचा पॉनचा दिवा स्थिर हिरवा होता, लॉसचा लाल दिवा लागलेला नव्हता, म्हणजे दोष लाइनचा नव्हता. तरीही कस्टमर केअरने राउटर बंद करून चालू करायला सांगितले, कारण ते नेहमी तेच सांगतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ दिल्यावर 192.168 ने सुरू होणारा पत्ता दिसला. तो 169.254 ने सुरू झाला असता, तर राउटरकडून पत्ताच मिळत नाही असे ठरले असते. 8.8.8.8 या इंटरनेटवरच्या पत्त्याला पिंग केल्यावर (म्हणजे तिथे पोचता येते का हे तपासल्यावर) उत्तर येत होते, पण संकेतस्थळाचे नाव दिले की काहीच नाही. याचा अर्थ रस्ता मोकळा होता आणि अडत होते ते डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी यंत्रणा.

घड्याळाशेजारच्या चिन्हावरून ती फायरवॉल ‘बंद’ करून काहीही फरक पडला नाही. अशा सॉफ्टवेअरचा फिल्टर ड्रायव्हर, म्हणजे ये-जा गाळणारा त्याचा आतला भाग, नेटवर्क अडॅप्टरलाच (संगणकाला नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाला) चिकटलेला असतो आणि वरचा कार्यक्रम थांबवला तरी तो जागेवर राहू शकतो. अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमधल्या यादीत त्याच्या नावापुढची खूण काढताच पाने उघडू लागली. त्यानंतर कंपनीच्याच रिमूव्हल टूलने ते मुळासकट काढले, कारण नुसते अनइन्स्टॉल केल्यावर ड्रायव्हर मागे राहण्याची शक्यता असते. दुसरी फायरवॉल नोंदवली गेली की विंडोजची स्वतःहून बाजूला होते, त्यामुळे ती परत चालू झाली आहे ना, हेही विंडोज सिक्युरिटीत पाहून घ्यावे.

हा प्रकार नवा नाही. 8 जुलै 2008 रोजी मायक्रोसॉफ्टने डीएनएसमधली गंभीर त्रुटी बुजवणारे अपडेट दिले आणि झोनअलार्म ही दुसऱ्या कंपनीची फायरवॉल वापरणाऱ्या अनेकांचे इंटरनेट त्या अपडेटनंतर बंद पडले. झोनअलार्मने सुधारित आवृत्ती तातडीने दिली, पण तोवर सुरक्षेची पातळी एक पायरी खाली आणणे किंवा अपडेट काढून टाकणे असेच पर्याय हाती होते.

विंडोजच्या फायरवॉलमध्ये उणिवा आहेत. प्रगत सेटिंग्जची खिडकी सामान्य माणसाला घाबरवणारी आहे. घरचे वायफाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदले गेले की इतर संगणकांवरची शेअर केलेली फोल्डर दिसेनाशी होतात, आणि ‘प्रायव्हेट’ निवडा असे कोणी सांगत नाही. सर्वांत मोठी उणीव म्हणजे एखादा प्रोग्राम गुपचूप बाहेर माहिती पाठवू लागला तर ती विचारत नाही. ज्यांना ही विचारणा हवीच आहे, त्यांनी दुसरी फायरवॉल बसवण्यापेक्षा मालवेअरबाइट्सचे विंडोज फायरवॉल कंट्रोल घ्यावे. ते विनामूल्य आहे, स्वतःचा फिल्टर ड्रायव्हर न आणता विंडोजच्याच फायरवॉलवर नियम लिहिते, आणि आमच्या लॅपटॉपवर सध्या तेच आहे.