वेचणीचा कोट, हातमोजे आणि चोवीस दाणे

कापसाची वेचाई, म्हणजे वेचणीची मजुरी, किलोवर असते. गृहविज्ञान विभागाने बनवलेल्या साधनांची पारख करताना ही गोष्ट आधी धरून चालावं. किलोमागे दहा-बारा रुपयांच्या हिशेबाने राबणाऱ्या बाईला थकवा किती उतरला हे सावकाश कळतं. काट्यावर आकडा किती पडला हे त्याच संध्याकाळी कळतं. या संचात तीन गोष्टी येतात: वेचणीचा कोट, हातमोजे आणि विद्यार्थिनी गावात येऊन घेतात ती ‘कुटुंबाचं घड्याळ’ नावाची बैठक. तिन्हींचा निकाल सारखा नाही.

गृहविज्ञान म्हणजे लोणची-पापड आणि भरतकाम, हा समज आपल्याकडे अजून पक्का आहे. या शाखेत कौटुंबिक संसाधन व्यवस्थापन आणि मानव विकास व कौटुंबिक अभ्यास असे विषय असतात. घरातल्या बाईचं काम मोजायचं, ते हलकं कसं होईल ते पाहायचं, हा त्यांचा मोठा भाग. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं गृहविज्ञान महाविद्यालय यासाठी ओळखलं जातं. आता या शाखेला सामुदायिक विज्ञान म्हणतात. मोजण्याची पद्धतही ठरलेली आहे. काम करताना नाडीचे ठोके घ्यायचे, त्यांना ०.१५९ ने गुणायचं आणि ८.७२ वजा करायचे, की मिनिटाला किती किलोज्यूल ऊर्जा खर्च झाली ते निघतं. वर्गीस, साहा आणि अत्रेय यांनी १९९४ साली मांडलेली श्रमांची प्रतवारी देशभरच्या गृहविज्ञान विभागांत वापरात आहे. ठोके ११० असतील तर खर्च ८.७७ किलोज्यूल. १०६ ते १२० ठोक्यांचं काम मध्यम जड आणि १२१ च्या वर जड धरतात. भारतीय बायांच्या श्रमाला हा आकडा मिळवून दिला, हे या शाखेचं मोठं श्रेय.

आता कोट. पूर्ण बाह्या, बंद गळा, समोर छातीपासून गुडघ्यापर्यंत मोठा खिसा, पाठीवर फुली होऊन जाणारे पट्टे आणि खिशाच्या तळाला उघडझाप. कल्पना बरोबर आहे. पदराच्या ओटीत कापूस भरला की सगळा भार कमरेच्या गाठीवर येतो, पोट पुढे ओढलं जातं आणि खालची बोंडं वेचताना कंबर धरते. फुलीचे पट्टे तो भार दोन्ही खांद्यांवर वाटून देतात.

पण गावातल्या बाईकडे कोट आधीच असतो: नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट. लुगड्यावर किंवा साडीवर तो चढवला की पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या झाडांचे, ओरखडे लागत नाहीत, आणि त्याला पैसे पडत नाहीत. कोटाच्या बाह्यांना लागणारं कापड म्हणूनच वाया जातं. शिवाय कोट सलवार-कुर्त्याच्या मापाने बेतलेला वाटतो. नऊवारीच्या कासोट्यावर तो मागून वर चढतो.

इथे विभागाच्या एका माजी विद्यार्थिनीचं काम मुद्दाम सांगण्यासारखं आहे. बचत गटाच्या शिलाई केंद्रात तिने बाह्या, गळा, पाठ सगळं काढून टाकलं आणि फक्त पट्ट्यांची झोळी ठेवली. ती शर्टावरून घालता येते. दीड मीटर मांजरपाट लागतो आणि शिलाई धरून दोनशेच्या आत काम होतं. विभागाच्या वार्षिक अहवालात सुवर्णपदकं, शोधनिबंध, नेट उत्तीर्ण झालेल्यांची नावं असतात. अशी सुधारणा तिथे कुठल्या रकान्यात टाकायची हे बहुधा कोणालाच सुचत नाही.

झोळीचा हिशेब ढोबळ मांडू. दिवसाची वेचणी ३५ किलो धरा. ओटीत तीन किलो मावतो, म्हणजे धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) गाठोड्यापर्यंत बारा खेपा. झोळीत दाबून पाच किलो बसतो, म्हणजे सात. वाचलेल्या पाच खेपांची प्रत्येकी पाच मिनिटं धरली तर पंचवीस मिनिटं झाली. तासाला पाच किलोच्या हाताने दोन किलो कापूस जास्त, म्हणजे वीस-बावीस रुपये. दहा दिवसांत झोळी फिटते. वावर लहान आणि गाठोडं जवळ असेल तर ही बचत निम्म्यावर येते, तेव्हा एका एकराच्या घरच्या वेचणीला झोळी घेतलीच पाहिजे असं नाही.

बिघडतं कुठे, तेही पाहू. पहिला दोष तळाच्या वेल्क्रोचा. त्यात रुई अडकते आणि थोड्याच दिवसांत तो धरेनासा होतो. मग भरल्या झोळीचं तोंड ऐन ओळीत उघडतं आणि कापूस मातीत. तिथे नाडी आणि सरकगाठच हवी. दुसरा दोष पट्ट्यांचा. इंचभर रुंद पट्टा पाच किलोला खांद्यात रुततो. अडीच-तीन इंच रुंद, दुहेरी कापडाचा पाहिजे. तिसरा लांबीचा. गुडघ्याखाली गेलेली झोळी वाकताना जमिनीला घासते आणि काडीकचरा उचलते. काही जणी बाजूला दोन खिसे मागतात. ते टाळावेत, कारण अंगाची रुंदी वाढते, दाट पऱ्हाटीत वाळकी पानं मोडून कापसात पत्ती पडते आणि भाव पत्तीवर कटतो.

कापडाचा आग्रहही सोडू नये. खताच्या पोत्याची झोळी फुकट शिवता येते, पण त्या प्लॅस्टिकचे धागे कापसात मिसळतात आणि पुढे सुतावर रंग चढत नाही. मांजरपाट कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावा, नाहीतर खळ निघून पहिल्याच धुण्यात झोळी आखडते.

हातमोजे घेऊ नका. वेचणी अंगठा आणि दोन बोटांची असते; वाळल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला टोचतात, तिथेच कातडी फाटते. विणलेल्या मोज्याला रुई चिकटते, बोटाची जाण जाते आणि हात मंदावतो. “मोजे घालून बोंड सापडते का बाई?” हा प्रश्न विचारणारीला उत्तर देता येत नाही. बोटांची टोकं उघडी ठेवलेला नमुनाही निघाला, पण त्यात टोचतं तीच जागा उघडी राहते. बाया बोटांना चिंधी किंवा दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळतात, ते अजून तरी सरस आहे.

दवाची गोष्ट मोजमापाच्या तक्त्यात येत नाही. सकाळी ओला कापूस वेचला की वजन भरतं, म्हणून बाईला लवकर लागायचं असतं. मालकाला ते नको असतं, कारण ‘सीसीआय’च्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ओलाव्याचा हिशेब ८ टक्क्यांपासून सुरू होतो आणि १२ च्या वर माल परत येतो. झोळी दवाने भिजते आणि ओली राहिली तर दुसऱ्या दिवशी मानेला काचते. रोज संध्याकाळी उलटी करून वाळत घालावी.

कुटुंबाचं घड्याळ मात्र गावात घ्याच, त्याला पैसे लागत नाहीत. नवरा-बायकोला प्रत्येकी तुरीचे चोवीस दाणे देतात आणि झोप, वावर, स्वयंपाक, पाणी, लेकरं, बसणं अशा खडूच्या चौकटींत दिवसाचे तास मांडायला सांगतात. २०१९ च्या देशपातळीवरच्या वेळ-वापर पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायांची दिवसाला २९९ मिनिटं त्यात जात होती आणि पुरुषांची ९७. २०२४ च्या पाहणीत ती २८९ आणि ८८ निघाली. वेचणीच्या दिवसांत बाईच्या ‘बसणं’ चौकटीत दाणा उरत नाही, हे नवऱ्यासमोर दिसतं. सासू शेजारी असली की सून दाणे सासूच्या सोयीने मांडते, म्हणून आधी वेगवेगळं बसवावं आणि मग समोरासमोर. चूल पेटवत लेकरू कडेवर असतं त्याला मात्र एकच दाणा मिळतो. विद्यार्थिनींनी अशा जोडकामासाठी दुसऱ्या रंगाचे दाणे, हरभरा म्हणा, ठेवले तर चित्र खरं होईल. मोठ्या पोरीसाठीही वेगळी ओळ हवी. दिवाळीनंतर शाळा बुडवून धाकट्याला सांभाळणारी तीच असते आणि या घड्याळात तिचं नाव नाही.

झोळी शिवून घ्यायची तर सीतादहीच्या, म्हणजे पहिल्या वेचणीच्या पूजेच्या, आधी सांगा. दसरा-दिवाळीच्या गर्दीत शिंपी हात लावत नाही. माप छातीपासून गुडघ्याच्या चार बोटं वरपर्यंत द्यावं, तोंड पंधरा इंच रुंद ठेवावं म्हणजे मूठ न बघता आत जाते, आणि पट्टा झोळीला जिथे जुळतो तिथे चौकोनी टीप दोनदा मारून घ्यावी. पहिली उसवते ती तीच जागा.