परदेशी ग्राहकांशी व्यवहार: कार्यशाळेचा पहिला दिवस उत्तम, दुसरा अर्धवट

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्री व मशीन शॉप चालवणाऱ्यांसाठी टिळकवाडीत भरलेल्या या दोन दिवसांच्या कार्यशाळेच्या पहिल्याच दिवसात शुल्क वसूल झाले. जर्मन खरेदीदार भर बैठकीत कास्टिंगमधील दोष दाखवतो तेव्हा त्याला आपला अपमान करायचा नसतो, आणि जपानी पाहुणा दर ऐकून गप्प बसला म्हणून आपणच घाबरून दर उतरवू नये, हे प्रशिक्षकांनी बैठकीचा प्रसंग उभा करून पटवून दिले. मुदत पाळणे अशक्य आहे हे ठाऊक असूनही भिडेपोटी होकार देण्याच्या आपल्या सवयीवरही त्यांनी नेमके बोट ठेवले.

दुसऱ्या दिवशी विषय राष्ट्राराष्ट्रांतील संघर्षाकडे वळला. असे संघर्ष मुळात एकमेकांचे रीतिरिवाज न समजल्याने होतात, असे प्रशिक्षकांचे म्हणणे होते, आणि त्यासाठी त्यांनी एक उदाहरण दिले. १७९३ साली ब्रिटिश राजदूत मॅकार्टनी चीनच्या छ्येनलुंग सम्राटाकडे गेला, पण तीनदा गुडघे टेकून नऊ वेळा मस्तक जमिनीला लावण्याचा दरबारी रिवाज पाळायला त्याने नकार दिला. त्याने आणलेल्या वस्तू तो भेटी समजत होता, तर दरबार त्यांना खंडणी मानत होता. प्रसंग रंगवून सांगितला, यात शंका नाही. मात्र मोहीम याच मानापमानामुळे फसली, हा निष्कर्ष घाईचा वाटला. ब्रिटिशांना पेकिंगमध्ये कायमचा दूत आणि व्यापारासाठी आणखी बंदरे हवी होती, आणि ती द्यायची चीनची तयारी नव्हती. मॅकार्टनीने नऊ वेळा डोके टेकवले असते, तरी हा प्रश्न तसाच राहिला असता. पुढे १८३९ मध्ये पेटलेल्या युद्धामागे तर अफूचा व्यापार होता.

बेळगावात बसून हे ऐकताना खटकणे साहजिक होते. कोल्हापूरकडचे भाविक सौंदत्तीच्या यल्लम्माला येतात, इकडच्या सासनकाठ्या जोतिबाला जातात. तरीही १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासूनचा सीमावाद महाजन आयोगाच्या अहवालानंतरही मिटला नाही आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. एकमेकांचे देव आणि सणवार पुरते ठाऊक असलेल्यांमध्येही हद्द आणि राज्यकारभाराची भाषा यांवरून तेढ राहते. हा मुद्दा मी मांडला तेव्हा 'तो राजकारणाचा विषय आहे' एवढ्यावर चर्चा आटोपती घेण्यात आली. (त्यानंतरच्या जेवणातील कुंदा मात्र सर्वांनी एकमताने संपवला.)

शिकवणे मराठी-कन्नड मिश्रित आणि सहज समजणारे असले, तरी टिपणे केवळ इंग्रजीत आहेत, त्यामुळे सुपरवायझरांना पाठवणाऱ्यांनी ती आधी समजावून द्यावीत. निर्यातीत नवख्या असलेल्यांनी पहिल्या दिवसासाठी अवश्य नाव नोंदवावे. दोन्ही दिवसांचे शुल्क एकत्रच घेतले जाते, हे मात्र लक्षात ठेवावे.