रातबगळा की रॉड्रिग्जचा नामशेष बगळा?

प्रकल्पासाठी आपला रातबगळा घ्यावा की हिंदी महासागरातील रॉड्रिग्ज बेटावरचा त्याचा नामशेष भाईबंद, हे माझ्या भाचीला ठरवता येईना, म्हणून दोघांना एकाच मापाने मोजून पाहिले.

निरीक्षणाच्या बाबतीत तुलनाच नाही. दिवसा तळ्याकाठच्या झाडावर मान आखडून बसलेला, लाल डोळ्यांचा रातबगळा तिन्हीसांजेला ‘वॉक’ असा घोगरा आवाज करत डोक्यावरून जातो. त्यासाठी दुर्बीणही लागत नाही.

रॉड्रिग्जच्या बगळ्याची मात्र केवळ हाडे आणि फ्रान्स्वा लेगा या फ्रेंच प्रवाशाचे लेखन उरले आहे. १६९१ ते १६९३ या काळात तो बेटावर राहिला. काठीने फांदीवरची पाल खाली पाडली की हे पक्षी धावत येऊन ती डोळ्यांदेखत गिळत, असे त्याने लिहिले आहे. माणसाचे भय ठाऊक नसलेल्या पक्ष्याचे हे चित्र मला फार अस्वस्थ करते, कारण १७६१ मध्ये तेथे गेलेल्या पिंग्रे या खगोलशास्त्रज्ञाला तो आढळला नाही.

शरीररचनेत रातबगळा लांब पल्ल्याचा उडणारा, तर बेटावरचा बगळा मोठ्या डोक्याचा, दणकट पायांचा आणि आखूड पंखांचा, म्हणजे जमिनीवर धावणारा होता.

स्वतः पाहून नोंदी करायच्या असतील, तर रातबगळा घ्यावा. हाडे आणि जुने लेखन जुळवून उत्क्रांती समजून घ्यायची असेल, तर रॉड्रिग्जचा बगळा निवडावा.